प्रार्थना ग्रुपवरची भांडणं : तुमच्या बोटांतून काय सुटलं होतं?

मोहरीचा दाणा
जय ख्रिस्त. काल महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरसाचं. कठड्याशी गुडघे टेकले आणि बघते तर शेजारी मावशी. सख्खी नव्हे, आमची संडेस्कूलची मावशी. मधे एक माणूस मावेल एवढी जागा आम्ही दोघींनी न ठरवता सोडलेली. ट्रे आला. तिचा हात आताशा थरथरतो. तो इवलासा ग्लास उचलताना दोन थेंब पांढऱ्या कापडावर सांडले. मला वाटलं मनगट धरावं. धरलं नाही.

कारण जुनं आहे. लॉकडाऊनमध्ये मंडळीचा ग्रुप निघाला, नंतर तो बंद कोण करतंय! मावशीचे यजमान गेले, ती लेकीबरोबर दुसऱ्या मंडळीत जायला लागली आणि तिथं पाण्यात बुडून परत बाप्तिस्मा घेतला. फोटो आमच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'खरा बाप्तिस्मा आज झाला.' आमच्यात तान्ह्या बाळांना डोक्यावर पाणी घालूनच बाप्तिस्मा देतात. माझ्या लेकीचा नुकताच झालेला, तीन महिन्यांची पोर. ते 'खरा' मला असं लागलं की भाकरी तव्यावर ठेवून मी लिहिलं, "बुडून तारण होत असतं तर मार्कंडेय नदीतल्या म्हशी आपल्या आधी स्वर्गात गेल्या असत्या."

सतरा जणांनी हसून लोळणारे चेहरे टाकले. पाळकसाहेबांनी पण एक टाकला, मग काढून घेतला. थोड्या वेळानं मावशी ग्रुपमधून बाहेर. एवढ्यावर थांबायचं की नाही? मी त्याचा स्क्रीनशॉट माहेरच्या ग्रुपवर पाठवला, तिच्या नावासकट. तो फिरत फिरत तिच्या जावयाकडे गेला. आणि कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय, ते मिठानं रुचकर केलेलं बोलणं, हिनंच मला पाठ करायला लावलं होतं. बक्षीस म्हणून नटराज पेन्सिल दिली होती.

तुमचे अनुभव सांगा. सल्ला नको.

थर्ड गेट
म्हशी वाचून हसलो, मग वाईट वाटलं, मग परत हसलो. माफ करा ताई.

निपाणीचा जावई
मी कॅथलिक, बायको प्रॉटेस्टंटांकडची. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्मदिनाच्या शुभेच्छा टाकल्या की मेहुण्याचं ठरलेलं, "दुसरी आज्ञा वाचा." मी पण हट्टी, "वाचली की, त्यात काय?" दोन वर्षं हेच. शेवटी त्याच्या घरी जेवायला बसल्यावर उलगडा झाला. त्यांच्याकडे मूर्तीची आज्ञा दुसरी मोजतात. आमच्याकडे ती पहिलीतच धरतात आणि दुसरी म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. शेवटी लोभाच्या दोन करून आमच्या पण दहाच भरतात. म्हणजे तो एका आज्ञेवर बोलत होता, मी दुसऱ्याच. सासूबाई म्हणाल्या, "मटण गार होऊलंय, दोघंबी गप खावा की." मरियेवर आजही आमचं पटत नाही. पण आता तो आधी फोन करतो.

थर्ड गेट
निपाणीचं मटण की कोल्हापूरचं? हा खरा वाद.

निपाणीचा जावई
तो इथं काढू नको बाबा. ग्रुप फुटेल.

खानापूरची नर्स
मला थोडं वेगळं सांगायचंय. नम्रपणे बोला, नम्रपणे बोला, हे नेहमी कुणाला सांगतात? बायकांना. आमच्या ग्रुपवर एका भावानं साक्ष टाकली, प्रार्थनेनंतर शुगरच्या गोळ्या सोडल्या, आता एकदम बरा. खाली पन्नास 'आमेन'. त्यातला एक आमेन ज्या आजोबांचा, ते रोज इन्सुलिन घेतात हे मला माहीत, कारण सुई मीच टोचते. मी काय करायला पाहिजे होतं? प्रभूची स्तुती असो लिहून गप बसायचं?

ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्या भावाला फोन लावला. मत्तय १८ मध्ये सांगितलंय ना, आधी दोघांतच बोल. तो भडकला, "तुमचा विश्वास कमी पडतो बहिणी." मी म्हटलं, असेल कमी, पण आजोबांनी सुई सोडली आणि साखर चारशेच्या वर गेली तर रात्री दोनला दार माझंच वाजणार. फोन आपटला त्यानं. दुसऱ्या दिवशी साक्षीखाली एक ओळ जोडली, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.' माझं नाव नाही, आभार नाहीत. चालतंय. आजोबा सुई घेऊलालेत.

पण फोनवर ऐकलं नसतं तर सगळ्यांसमोर लिहिलं असतं, तेही सांगते.

जुना घंटावाला
सर्वांना सलाम. मुलाच्या फोनवरून लिहितो, चूकभूल माफ.

स्क्रीनशॉट आपल्याला नवीन वाटतो. जॉन वेस्ली, ज्याच्यापासून मेथडिस्ट पंथ निघाला तो, आणि जॉर्ज व्हिटफील्ड, दोघं इंग्लंडचे उपदेशक आणि जिवलग मित्र. तारणासाठी देवानं ठरावीकच माणसं आधी निवडली की कृपा सगळ्यांसाठी मोकळी, यावर दोघांचं बिनसलं. व्हिटफील्डनं वेस्लीला खाजगी पत्र लिहिलं. कुणीतरी दोघांनाही न विचारता ते छापलं आणि १७४१ च्या फेब्रुवारीत लंडनला वेस्लीच्याच प्रार्थनास्थळाच्या दारात वाटलं. वेस्लीनं एक प्रत मिळवली. उपदेश झाल्यावर मंडळीला सांगितलं, व्हिटफील्ड इथं असता तर त्यानं जे केलं असतं तेच मी करतो, आणि सगळ्यांसमोर प्रत टराटरा फाडली. लोकांनीही आपापल्या फाडल्या. दोन मिनिटांत एक अख्खी प्रत उरली नाही, असं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत. तरी १७७० ला व्हिटफील्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्यासाठी स्मृतीचा उपदेश वेस्लीनंच केला.

आणखी एक. बेळगावात मिशनचं काम १८२० ला सुरू झालं ते लंडन मिशनचं. १९०४ ला ते मेथडिस्टांकडे सोपवलं. म्हणजे आमचे आजोबा रात्री एका मिशनचे म्हणून झोपले आणि सकाळी दुसऱ्याचे म्हणून उठले. भाकरी तीच, झुणका तोच.

थर्ड गेट
काका, छापील कागद फाडता येतो. स्क्रीनशॉट कसा फाडायचा?

जुना घंटावाला
ते मुलाला विचारून सांगतो.

चिकोडीची सून
आमच्या मंडळीत अर्धे कन्नड, अर्धे मराठी. नाताळच्या उपासनेत आधी कुठली गीतं यावर दरवर्षी नोव्हेंबरात ग्रुप तापतो. एक नोव्हेंबरला कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, तेव्हा नोव्हेंबरात आपल्याकडे भाषा म्हटलं की काय होतं ते तुम्हाला काय सांगायचं. गेल्या वर्षी गायकमंडळाच्या एका कन्नड दादांनी जरा जास्तच लिहिलं, माझ्या सासऱ्यांनी त्याहून जास्त. रात्री अकराला दादांचा व्हॉइस मेसेज ग्रुपवरच आला, चारच सेकंदांचा. "तप्पायतु अण्णा, क्षमिसि." म्हणजे चूक झाली अण्णा, माफ करा. सासऱ्यांना कन्नड लिहिता येत नाही, बोलतात मात्र फर्डं. त्यांनी पण बोलूनच पाठवलं, पण एवढं लांब की मध्येच कुकरची शिट्टी येते. ती शिट्टी आता आमच्या घरची चेष्टा झाली आहे.

गीतांचं काय ठरलं विचाराल तर काही नाही. आधी कोण ते यंदा पण तापूलंय.

कॅम्पातली
विषय सोडून विचारते, नाताळच्या करंज्यांना सारणात खसखस भाजून घालता की कच्ची? माझ्या गेल्या साली खवट झाल्या.

खानापूरची नर्स
भाजून. आणि खोबरं वेगळं भाज, एकत्र नको.

निपाणीचा जावई
मोहरीताई, सल्ला नको म्हटलात म्हणून विचारतोच फक्त, माहेरच्या ग्रुपवर तो फोटो अजून आहे का?

मोहरीचा दाणा
होता. काकांचं वाचल्यावर शोधला, पार खाली. आता सगळ्यांच्या फोनवरून काढता येत नाही, फार जुना झाला. तिथं लिहिलं, 'हे मी पाठवायला नको होतं, तुमच्याकडे असेल तर काढा.' वहिनीनं विचारलं, कुठला फोटो? कुणाला आठवतच नाही.

मावशीला फोन लावला होता दुपारी. उचलला नाही. 'खरा'चं मला अजून पटलेलं नाही, ते पटणार पण नाही. बघू.

कॅम्पातली
खोबरं किती वेळ भाजायचं पण?

मोहरीचा दाणा
वास सुटेपर्यंत, तांबूस नको. हे पण तिनंच शिकवलंय. थांबा, फोन वाजूलाय.