डोमेन नेम: नाव, पत्ता की क्षेत्र?

प्रश्न

बरीच वर्षं वहीत लिहिलेलं आता स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवर स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर, ठेवायचं ठरवलंय. नाव शोधायला बसले आणि दोन ठिकाणी अडले.

पहिली अडचण शब्दाची. 'डोमेन नेम'ला कुणी 'क्षेत्रनाम' म्हणतं, कुणी 'अधिक्षेत्र'. कागदावर दोन्ही ठीक दिसतात, पण बोलताना जिभेवर येत नाहीत. तुम्ही रोजच्या बोलण्यात काय म्हणता?

दुसरी अडचण माझ्या नावाची. मला 'वेळ' हा शब्द हवा आहे, कारण दिवसभराच्या धावपळीत हाती लागलेल्या रिकाम्या घटकांत मी लिहिलंय. पण रोमन अक्षरांत त्याचा 'वेल' होतो. नाव ठेवायचं आहे एकदाच, नंतर नावं ठेवली जाऊ नयेत एवढीच इच्छा.

उत्तर

आधी शब्दाबद्दल. 'डोमेन' इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिन 'दोमिनुस' म्हणजे धनी, आणि त्याच्याही मागे 'दोमुस' म्हणजे घर. संस्कृतातला 'दम' याच कुळातला. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'स्वे दमे', म्हणजे आपल्या स्वतःच्या घरात, वाढतो असं म्हटलंय. 'दंपती'ही तिथलाच. मूळ अर्थ घराचा धनी, आणि द्विवचनात घराचे दोघे धनी, म्हणून नवराबायको. मला ही शब्दांची सोयरीक फार आवडते, कारण स्वतःच्या लिखाणासाठी डोमेन घेणारा माणूस नेमकं 'स्वे दमे' एवढंच मागत असतो.

'क्षेत्र'मध्ये हे घर हरवतं. मराठी कानाला त्यात आधी तीर्थक्षेत्र नाहीतर कार्यक्षेत्र ऐकू येतं. 'अधिक्षेत्र' म्हटलं की कुणाचा तरी हुकूम चालत असणार असं वाटतं. मी बोलताना सरळ 'डोमेन' म्हणतो आणि लिहिताना 'पत्ता'.

क्रियापदाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. 'डोमेन विकत घेतलं' असं सर्रास म्हणतात, ते चूक आहे. डोमेन 'नोंदवलं' म्हणावं. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपली आणि नूतनीकरण राहिलं, तर काही काळाने ते नाव कुणालाही घेता येतं. 'माझ्या नावावर आहे' हे खरं, 'माझ्या मालकीचं आहे' हे खरं नाही. 'विकत घेतलं' म्हणणारा माणूस मुदत विसरतो आणि वर्षानुवर्षांचं नाव घालवून बसतो.

उत्तर

क्रियापदाचं पटलं, 'पत्ता' पटत नाही. पत्ता म्हणजे आयपी, इंटरनेटवरच्या यंत्राचा आकड्यांचा पत्ता. पूर्वी कुठल्या यंत्राचा कुठला आकडा याची एकच यादी एका ठिकाणी सांभाळली जायची. यंत्रं वाढली तशी ती पुरेनाशी झाली, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने आजच्या डोमेन नेम व्यवस्थेचा आराखडा मांडला. तिचं कामच मुळी नाव आणि पत्ता वेगळे ठेवून त्यांची गाठ घालून देणं हे आहे. उद्या तुम्ही सगळं लिखाण दुसऱ्या सर्व्हरवर हलवलंत तर पत्ता बदलेल, नाव बदलणार नाही. म्हणून 'नाव'च म्हणा.

हा फरक निवडतानाही कामाला येतो. पत्ता आजच्यापुरता चालतो, नाव पुढच्या वीस वर्षांसाठी असतं. आपलं वय, नोकरी किंवा सध्याचा छंद त्यात घालू नका. पंचविशीत ठेवलेलं 'पंचविशी' चाळिशीत अंगाला होत नाही.

उत्तर

मी रोमन अक्षरांबद्दल सांगते, कारण त्यात मी स्वतः पोळलेय. माझ्या पहिल्या डोमेनमध्ये 'पान' होतं. एक ए घालून लिहिलं तर लोक 'पॅन' वाचायचे. दोन ए घातले तर फोनवर सांगताना प्रत्येक वेळी 'दोनदा ए, दोनदा' असं बजावावं लागायचं. तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: नाव नुसतं ऐकून समोरच्याला न विचारता टाइप करता आलं पाहिजे.

या कसोटीवर आपले कितीतरी सुंदर शब्द अडखळतात. 'वेळ'ची अडचण 'ळ'पाशी संपत नाही, 'व'पासूनच सुरू होते: व्ही की डब्ल्यू? 'वाट' घ्या. व्ही किंवा डब्ल्यू, पुढे एक ए किंवा दोन, म्हणजे एका दोन अक्षरी शब्दाची चार रूपं झाली. 'ज्ञ' तर प्रत्येक जण वेगळा लिहितो. 'माझे'मधल्या 'झ'साठी झेड वापरला की इंग्रजी वाचकाला त्यात 'भूलभुलैया' दिसतो. 'काळ' आणि 'काल', 'बाळ' आणि 'बाल' यांच्यात रोमन लिपी फरकच करत नाही.

दुसरा धोका जोडून लिहिण्याचा. डोमेनमध्ये शब्दांमध्ये जागा सोडता येत नाही, त्यामुळे नको तिथे सभंग श्लेष होतो. संगीतावर लिहिणाऱ्या कुणी 'नव' आणि 'राग' जोडून 'नवराग' केलं, तर वाचणारा 'नवरा ग' वाचणारच. मग लोक मध्ये संयोगचिन्ह टाकतात. डोळ्याला ते बरं दिसतं, पण बोलताना कुणी त्याला डॅश म्हणतं, कुणी आडवी रेघ, आणि निम्मे ऐकणारे ते गाळतात. आकड्याचंही तेच, '२' की अक्षरी 'दोन' हे कानाला कळत नाही. लांबीची मुभा एका भागाला ६३ अक्षरांची आहे, पण माझ्या मते एक शब्द, फार तर दोन.

प्रश्नकर्ती

मग सरळ देवनागरीतच का नोंदवू नये? 'डॉट भारत' आहे ना?

उत्तर

आहे, २०१४ पासून. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. फक्त आतली गोष्ट माहीत असू द्या. यंत्रणा देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलते. ती ओळ एक्स, एन आणि दोन संयोगचिन्हांनी सुरू होते. दुवा कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा तीच अगम्य ओळ दिसते. शिवाय शुद्धलेखन इथे फारच कडक होतं. 'दंपती' आणि 'दम्पती' आपल्याला एकच, यंत्राच्या लेखी दोन निराळी नावं. 'कविता' आणि 'कवीता'सुद्धा. जोडीला देवनागरी ठेवा, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका.

'डॉट कॉम'सारख्या शेवटच्या भागाबद्दल एक व्याकरणातली गोष्ट. डोमेन म्हणजे तत्पुरुष समासच, उत्तरपद प्रधान. 'राजवाडा' हा आधी वाडा, मग राजाचा. तसंच यंत्र उजवीकडून शोधत येतं, आधी 'कॉम', मग त्यातलं तुमचं नाव. म्हणून शेवटच्या पदाचा अर्थ पाहून घ्या. 'डॉट एमई' इंग्रजीतल्या 'मी'साठी गोड वाटतं, पण ते माँटेनेग्रो या देशाचं आहे आणि त्याचे नियम तिथून ठरतात.

उत्तर

'वेळ'ऐवजी 'उसंत' कसं? अर्थ जवळचा आहे, पण छटा तुमच्या लिखाणाच्या जास्त जवळची. वेळ सगळ्यांकडे असतो आणि जातो. सवड काढावी लागते. उसंत मात्र कामाच्या मध्येच मिळते, दोन श्वासांपुरती. 'सवड' रोमनमध्ये पुन्हा 'व'वर अडेल. 'उसंत'मध्ये 'व' नाही, 'ळ' नाही, दीर्घ स्वर नाही. यू, एस, ए, एन, टी.

उत्तर

इंग्रजी वाचणारा तिथे 'अस' आणि 'अँट' असे दोन शब्द वाचेल हेही सांगायला हवं.

प्रश्नकर्ती

वाचेल, पण माझं लिखाण मराठी वाचणाऱ्यांसाठी आहे. संध्याकाळी ताईला फोन केला, काहीही न समजावता 'उसंत' म्हटलं आणि टाइप करायला सांगितलं. तिने पहिल्याच फटक्यात बरोबर पाच अक्षरं पाठवली. 'वेळ' आता आतल्या एका सदराचं शीर्षक होईल, देवनागरीत, 'ळ'सकट. डोमेन नोंदवलंय, पाच वर्षांसाठी, आणि मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.