हाय-गेन अँपच्या आधी ओव्हरड्राइव्ह कशासाठी?

मानेवाडा_रिदम
नमस्कार मंडळी. मानेवाड्याला मित्राच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत आमची चौघांची प्रॅक्टिस चालते. ५० वॅटचं ट्यूब हेड (स्पीकर वेगळा असलेला अँप), हाय-गेन म्हणजे फाटक्या आवाजाचा चॅनल, गेन (सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) ७ वर, गिटार ड्रॉप सीमध्ये, म्हणजे तारा उतरवून सर्वांत जाड तार सी सुरावर. सावकाश वाजवलं तर मस्त वाटतं. पण पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून मारलेले ठोके) जलद झाले की सगळं गढूळ होतं, एक ठोका दुसऱ्यात मिसळतो. बेसचा नॉब ५ वरून २ वर आणून पाहिला. आवाज पातळ झाला, गढूळपणा तसाच राहिला. एकाने टीएस-९ (आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर, ओव्हरड्राइव्ह पेडल) वापरायला दिला. मी ड्राइव्ह अर्ध्याच्या वर नेला तर नुसती शिट्टी वाजायला लागली. अँपमध्येच एवढा गेन असताना लोक वरून ओव्हरड्राइव्ह काऊन लावतात?

धरमपेठ_सहा_तारा
भाऊ, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. बेस कमी केला तरी गढूळपणा गेला नाही म्हणतोस, तिथेच थांब.

बऱ्याच हाय-गेन अँपमध्ये गेनचे टप्पे एकामागे एक असतात, आणि बेस-मिड-ट्रेबलचे नॉब त्यातल्या बहुतेक टप्प्यांच्या नंतर येतात. म्हणजे जाड तारेचा दणका आधीच फाटून चुकलेला असतो, तू मागून त्याचा बेस कापतोस. चिखल झाल्यावर पाणी गाळण्यासारखं आहे ते. ड्रॉप सीची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची. तो मोठा, संथ सूर पहिल्या टप्प्यांना भरून टाकतो आणि त्याच्यावर बसलेला पिकचा कडक आवाजही त्यातच चिरडला जातो.

टीएसचं काम इथे आहे. त्याचा क्लिपिंगचा (आवाज फाडण्याचा) टप्पा साधारण ७२० हर्ट्झच्या वरच्या भागालाच पूर्ण जोर देतो, त्याखाली जोर कमी कमी होत जातो. वरचा कर्कशपणाही पुढचा फिल्टर उतरवतो. उरतो मधला भाग, आणि तोच अँपच्या तोंडावर आदळतो. मी हे पेडल डिस्टॉर्शनसाठी लावतच नाही, गाळणी म्हणून लावतो.

म्हणून ड्राइव्ह पार शून्यावर, लेव्हल पूर्ण किंवा त्याच्या जरा खाली, टोन मध्यावर. आणि अँपचा गेन ७ वरून ४ वर आण. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग पेडलला नावं ठेवतात. लेव्हलनेच अँपला इतका धक्का मिळतो की गेनची उणीव जाणवत नाही. पेडल गिटार आणि इनपुटच्या मध्येच हवं. इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या गेनच्या टप्प्यांनंतरच्या जोडणीत) लावलंस तर पुन्हा चिखलानंतरच गाळणं होईल.

मी स्वतः वर्षभर लूपमध्ये लावून बसलो होतो. ज्या दिवशी केबल काढून पुढे जोडली, त्या दिवशी मनगट तेच, तार तीच, पण तळहात ब्रिजवर टेकवून मारलेला प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला. रात्री साडेअकरापर्यंत तोच एक रिफ वाजवत होतो.

टीएसच हवा असं नाही. बॉस कंपनीचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह १९८१ पासून आहे, तोही हेच काम करतो. सात पट्ट्यांचा ईक्यू (आवाजाचा एकेक भाग कमी-जास्त करणारं पेडल) असेल तर १०० हर्ट्झची पट्टी खाली, ८०० ची थोडी वर आणि लेव्हल वाढवून पाहा, बरंच जवळ पोचशील. तारा ०.०१० च्या सेटच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) असतील तर आधी त्या बदल बाप्पा. ड्रॉप सीला त्या इतक्या सैल होतात की ठोका बसताच सूर वर चढतो. तो दोष कुठलंही पेडल झाकणार नाही.

सदर_लो_एंड
बेस वाजवणारी म्हणून एक सांगते दादा. घरी एकट्याने वाजवाल तेव्हा हा आवाज पातळ वाटेल आणि पेडल बंद करायचा मोह होईल. करू नका. ती खालची जागा माझी आणि किक ड्रमची आहे. गिटारने ती सोडली की तिघेही ऐकू येतात. सेटिंग बँडसोबतच ठरवा.

खामला_सोल्डर
शिट्टी ड्राइव्ह उतरवल्यावर जाईल. पण बूस्ट लावला की हिसही वाढते, वाजवणं थांबलं की जास्त जाणवते, त्यासाठी नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) लागेल. घरघर मात्र वेगळी. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. घरघर गेली तर दोष अडॅप्टरचा. आणि कूलर अँपच्याच बोर्डवर असेल तर तो दुसरीकडे लावा. मे महिन्यात बंद करा असं मी म्हणणार नाही.

मानेवाडा_रिदम
आज संध्याकाळी केलं. ड्राइव्ह ०, लेव्हल पूर्ण, गेन ४. जलद भागात पहिल्यांदा मला माझीच चूक ऐकू आली: तिसरा ठोका मी दर वेळी घाईत मारतो, गढूळपणात तो झाकला जायचा. ड्रमरनेही वाजवता वाजवता मान वर करून पाहिलं. कूलर बाहेरच्या खोलीतल्या बोर्डवर नेला, घरघर निम्मी झाली. तारा ०.०११ ते ०.०५४ घ्यायचं ठरलं आहे. धरमपेठवाले दादा, तारा जाड केल्यावर नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा घासून घ्याव्या लागतील का?

धरमपेठ_सहा_तारा
जाड तार खाचेत वर तरंगत असेल किंवा ट्यून करताना कटकट वाजत असेल तरच. आधी लावून पाहा, गिटारच्या मानेचा बाक दोन दिवसांनी बघ.