अमेरिकेची घटना: मूळ अर्थ धरायचा, तर किती घट्ट?

आडवळणी (धागाकर्ता):
घटनेतलं कलम मंजूर झालं तेव्हा लोक त्याचा जो अर्थ घेत, तोच आजही धरायचा, हा ओरिजिनॅलिझम. मला तो पटतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात बसतात, त्यांना कुणी निवडून देत नाही. अर्थ बदलायची मुभा त्यांना कशाला? बदल हवा तर घटनादुरुस्ती करा. स्त्रियांना मताधिकार १९२० मध्ये तसाच मिळाला. आणि हे उजव्यांचं हत्यार आहे हे रडगाणं नको. २००१च्या कायलो खटल्यात तपास अधिकाऱ्यांनी रस्त्यावरच्या गाडीत बसून, उष्णता टिपणाऱ्या यंत्रानं घरातल्या गांजाच्या लागवडीचा माग काढला. वॉरंट नव्हतं. ही झडतीच, वॉरंटशिवाय चालणार नाही, असं लिहून आरोपीची बाजू घेणारे न्यायमूर्ती स्कालिया या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते.

तिरसट:
घटनादुरुस्ती म्हणे! दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, वर ५० पैकी ३८ राज्यं. शेवटची दुरुस्ती १९९२ची, आणि ती मांडली कधी? १७८९ मध्ये!
शिवाय सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती ज्या काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) मांडली, तिच्याच डोळ्यांदेखत वॉशिंग्टनमध्ये काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. मग अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ब्राउन निकाल कुठल्या मूळ अर्थात बसवता?

आडवळणी:
बसतो. समान संरक्षण हे शब्द एक, त्यांचं तेव्हा लोकांनी केलेलं पालन दुसरं. पालनात खोट होती म्हणून अर्थ खोटा ठरत नाही.

चष्मेबद्दूर:
इथेच गोम आहे. शब्दांमागचं तत्त्व घ्यायचं, तर ते किती व्यापक घ्यायचं?
बंदूक बाळगण्याच्या घटनादत्त हक्काबद्दलच्या २०२२च्या ब्रुएन निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलं की शस्त्रनिर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे. मग राहिमी खटला आला. घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर मनाई हुकूम आहे, त्याला बंदूक बाळगायला बंदी. अठराव्या शतकात नेमका असा कायदा कुठला असणार? अपील न्यायालयानं बंदी घटनाबाह्य ठरवली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ८ विरुद्ध १ अशी वाचवली, कारण जुळा कायदा नको, तत्त्व जुळलं की पुरे. विरोधातले एकटे कोण? तेच थॉमस. ब्रुएनच्या लेखकालाच हा अर्थ मान्य नाही, तर पद्धत न्यायाधीशांना बांधते म्हणजे नेमकं काय करते?

तिरसट:
+१. घ्या आता.

आडवळणी:
आठांनी उत्तर इतिहासातच शोधलं ना? धोकादायक माणसाकडून जामीन घेण्याचे, शस्त्रं काढून घेण्याचे जुने कायदे काढून दाखवले. काळाप्रमाणे अर्थ बदलू देणाऱ्या तुमच्या ‘जिवंत घटने’त तेवढंही दाखवावं लागत नाही.

चष्मेबद्दूर:
दाखवावं लागतं. आधीचे निकाल असतात की.