मदत हवी आहे: बाळंतपणानंतरची शुगर टेस्ट, तान्ह्या बाळाला घेऊन कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी विक्रोळीला, कन्नमवार नगरात आईकडे आली आहे. बाळ आज ३५ दिवसांचं झालं. सातव्या महिन्यात तिची शुगर वाढलेली निघाली आणि शेवटचे दोन महिने इन्सुलिन घ्यावं लागलं. बाळंतपण सुखरूप झालं, इन्सुलिन बंद झालं आणि वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "वार पडली, साखर गेली." आता घरात सगळ्यांच्या तोंडी हेच वाक्य आहे.

ते अर्धंच खरं आहे. वारेतली (प्लासेंटातली) हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, म्हणून वार पडल्यावर बहुतेकींची शुगर खाली येते. पण जिला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणून तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून टेस्ट करायची असते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आहे. बहिणीच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र "६ आठवड्यांनी दाखवणे" एवढंच लिहिलंय. कशासाठी, ते नाही.

मी एवढी मागे लागले आहे, कारण माझं स्वतःचं असंच राहून गेलं. २०१७ साली मुलीच्या वेळी माझी शुगर नुसत्या पथ्यावर आटोक्यात राहिली होती. नंतर तपासायला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रात्रीची जागरणं, मग नोकरी, सकाळच्या लोकलची गर्दी. थकवा यायचा तो त्यामुळेच, असं धरून चालले. २०२२मध्ये ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ निघालं, म्हणजे मधुमेहच. कधीपासून वाढत होतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. ते मला अजून लागतं. बहिणीचं तसं होऊ द्यायचं नाही.

मंगळवारी आईने माझ्याच मशीनवर तिची उपाशीपोटीची शुगर बघितली. ९४ आली. आईने मशीन पाकिटात घातलं, चेन ओढली, विषय संपला. उपाशीपोटी ठीक असूनही ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी वाढलेली निघते अशा कितीतरी जणी असतात, हे मला तिला पटवता आलं नाही. फ्रीजच्या दारात अर्धं वापरलेलं इन्सुलिनचं पेन अजून तसंच आहे आणि फ्रीजवर डिंकाच्या लाडवांचा डबा. आईला मी दोष देत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तरी आम्हा दोघींची बाळंतपणं तिने एकटीने काढली. "ओल्या बाळंतिणीला उपाशी ठेवून लॅबमध्ये बसवणार?" हा तिचा प्रश्न तिच्या जागी बरोबरच आहे.

त्यात लॅबवाल्याने वेगळंच सांगितलं: उपाशी राहायला नको, एचबीएवनसी करून टाका. माझ्या डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात, त्यामुळे त्या दिवसांत तो आकडा फसवा येऊ शकतो. गरोदरपणात बहिणीची टेस्ट जेवलेल्या पोटी झाली होती, म्हणून घरच्यांना आताचं उपाशी राहणंही पटत नाहीये. आता रात्रीपासून किमान ८ तास उपाशी, मग पहिलं रक्त, ग्लुकोजचं पाणी आणि बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. दुसरा आकडा १४०च्या खाली आला तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर, २०० किंवा वर गेला तर मधुमेह. उपाशीपोटीचा १२६ किंवा वर आला तरी मधुमेहच धरतात.

अडचण अशी की बाळ दर दीड तासाला पितं. मधे पाजायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण पाजायला जागा कुठे? आमच्या इथल्या लॅबमध्ये चार खुर्च्या आणि दारात चपलांचा ढीग. राजावाडी हॉस्पिटलमध्ये किंवा पालिकेच्या जवळच्या 'आपला दवाखान्या'त ही टेस्ट कोणी केली आहे का? किती वाजता नंबर लावावा लागतो? पुढच्या बुधवारी बाळाची दीड महिन्याची लस आहे. त्याच सकाळी दोन्ही उरकावं असं मला वाटतंय, पण लस घेतलेलं बाळ रडणार आणि ही उपाशी. एकाच दिवशी दोन्ही केलेली कोणी आहे का? ग्लुकोजचं पाणी उलटून पडलं तर ती टेस्ट बाद, ही भीती वेगळीच. लिंबू पिळलेलं चालतं का, तुमच्या लॅबने काय सांगितलं?

संपादन: उत्तरांबद्दल मनापासून आभार. लाडवांतल्या गुळाबद्दल ज्या ताईंनी लिहिलं, त्यांचं आईला वाचून दाखवलं. डिंक तळून, कुटून, बिनगुळाचा द्यायला ती तयार झाली आहे. "रिपोर्ट नॉर्मल आला तर संपलं ना?" असं एकीने विचारलंय. नाही हो, तरीही दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं आणि पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधी तर नक्कीच.

लॅबचं अजून कोणी सांगितलेलं नाही. मंगळवारी रात्रीपर्यंत कळलं तरी चालेल, जेवण आठला उरकून घेऊ.