ट्रॅव्हल सॉफ्टबॉल: दहा हजार डॉलर आणि वर्षभराचे वीकेंड. घालावेत का?

फ्रिस्कोकर

मंडळी, घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

लेक अकरा वर्षांची. तीन वर्षं इथल्याच रेक लीगमध्ये, म्हणजे गावातल्या हौशी लीगमध्ये, सॉफ्टबॉल खेळते. हंगामाचे दीडशे डॉलर, मैदान घरापासून दहा मिनिटांवर. परवा हौसेने एका ट्रॅव्हल टीमच्या (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या) ट्रायआउटला, निवड चाचणीला, नेलं, तर त्याच रात्री कोचचा फोन. १२यू (बारा वर्षांपर्यंतच्या) टीममध्ये घेतोय, अठ्ठेचाळीस तासांत कळवा, डिपॉझिट पाचशे. कसाबसा एक आठवडा मागून घेतलाय.

मग मी एक्सेल उघडलं. टीमची फी २,८००. पिचिंगचा (चेंडू टाकण्याचा) क्लास आठवड्याला अर्धा तास, ५० डॉलर, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. बॅट ४००, ग्लोव्ह, हेल्मेट, फेसमास्क, क्लीट्स मिळून ३००. बाहेरगावच्या आठ स्पर्धा, दोन-दोन रात्री हॉटेल, २,९००. हॉटेलही आपल्या मर्जीचं नाही, आयोजकांच्या यादीतलंच घ्यायचं. 'स्टे टू प्ले' म्हणतात त्याला. वर गॅस, खाणं, आणि आपल्याच पोरीचा खेळ बघायला गेटवर माणशी दहा-पंधरा डॉलर. बेरीज दहा हजारांच्या वर गेली. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०२४ साली अमेरिकेतलं कुटुंब एका मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाला सरासरी १,०१६ डॉलर खर्च करत होतं. आम्ही त्याच्या दहापट.

बायको म्हणते घालू या. मी म्हणतो नको. धाकटा आठ वर्षांचा आहे, त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

एडिसनचा काका

स्कॉलरशिपची आशा असेल तर इथेच थांबा. माझ्या पुतणीच्या वेळी सगळं खणून काढलं होतं, म्हणून सांगतो.

हायस्कूलला सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली देशात साडेतीन लाखांच्या घरात. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटातल्या, टीम तीनशेच्या आसपास. परवापरवापर्यंत एका टीमला फार तर १२ स्कॉलरशिप देता यायच्या आणि त्याही वीस-बावीस जणींत तुकडे करून. कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर, ती मान्य केलेल्या कॉलेजांना २५ जणींची टीम ठेवून हव्या तितक्यांना देता येते. पण परवानगी मिळाली म्हणजे तिजोरी भरली असं नाही. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीग तर खेळासाठी दमडी देत नाहीत.

आणखी एक. डिव्हिजन वनच्या कोचला मुलीशी भरतीबद्दल बोलायला अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मनाई आहे. पूर्वी आठवीतल्या पोरींकडून तोंडी होकार घेऊन ठेवायचे, म्हणून २०१८ मध्ये हा नियम आला. मग बारा वर्षांच्या मुलींच्या 'शोकेस'मध्ये कोणाला काय दाखवताय? तेच पैसे ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजच्या बचत खात्यात, टाका आणि शनिवारी निवांत पोहे खा.

राइट_फील्डची_आई

काका, तुम्ही म्हणता ते सगळं खरं. पण प्रश्नच चुकीचा विचारताय.

आमच्या ओळखीत गेल्या वर्षी तीन अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) झाले. हॉल, चेन्नईहून वादक, साड्या, दागिने, चारशे माणसांचं जेवण. दहा हजारांत एकही बसला नसेल. तिथे कोणी विचारलं का, "मुलगी पुढे नाचून किती कमावणार?" नाही. साडी नेसून जातो, फोटो काढतो, डोळे पुसतो. पण तीच पोरगी मातीत लोळायला लागली की आपल्याला लगेच परतावा आठवतो.

माझी लेक चौदा वर्षांची. नावातच सांगितलंय, ती राइट फील्डला उभी असते, जिथे चेंडू फारसा येतच नाही. कॉलेजात खेळणार नाही, तिलाही माहीत आहे. पण ओक्लाहोमातल्या एका मैदानावर शेवटच्या इनिंगला तिच्या हातून सोपा झेल सुटला, दोन रन गेले, आम्ही हरलो. डगआउटमध्ये, टीमच्या बाकांवर, एकही मुलगी तिला टाकून बोलली नाही. कॅचरने शेंगदाण्याची पुडी पुढे केली, बस. पुढच्या मॅचला दोन तासांनी ती परत त्याच जागी उभी. हे मी घरात बसून, कितीही समजावून, शिकवू शकले नसते.

बेंचमार्क

अरंगेत्रमचा मुद्दा बिनतोड. पाणी पिऊन येतो.

एडिसनचा काका

बिनतोड कसला? अरंगेत्रम एका संध्याकाळी आटपतं. इथे वर्षाचे वीस-पंचवीस वीकेंड जातात. क्लासला पोरीला सोडून तुम्ही भाजी आणायला जाऊ शकता, स्पर्धेला अख्खं घर वॅगनमध्ये भरावं लागतं. शनिवारी पूल गेम म्हणजे गटातले सामने, रविवारी ब्रॅकेट म्हणजे बाद फेरी. हरलात तर दुपारी सुटका, जिंकलात तर रात्री नऊपर्यंत अडकलात. घरच्यांनी मनातल्या मनात पोरीची टीम हरावी असं म्हणावं, असा खेळ मी दुसरा पाहिला नाही. 😀

राइट_फील्डची_आई

यावर मात्र गप्प. मी म्हटलंय तसं मनात. दोनदा.

सांगलीची_सून

आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. चार महिने खुर्ची, छत्री आणि टेक्सासचं ऊन. मला अपराधी वाटायचं. नंतर कळलं की त्या चिवड्याचा डबा घेऊन डगआउटच्या जाळीमागे बसतात आणि मुली त्यांना 'आज्जी' म्हणून हाका मारतात. अंपायरने चुकीचा आउट दिला की यांचं मराठी सुरू. परत जाताना रडल्या त्या माझ्यासाठी नव्हे, टीमसाठी! हा खर्चाच्या बाजूला धरायचा की जमेच्या, तुम्हीच ठरवा.

बादलीवरचा_बाप

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझी मुलगी पिचर होती. पिचरचा बाप म्हणजे काय, ते सांगतो. गादीचं झाकण असलेल्या बादलीवर बसायचं, ड्राइव्हवेवर, ४० फुटांवर, रोज संध्याकाळी. लेकीचे शंभर चेंडू झेलायचे. ड्रॉप बॉल टप्पा पडून नडगीवर बसला की पुढचा मिनिटभर तोंडातून शब्द फुटत नाही. ती हसायची, "बाबा, ग्लोव्ह खाली!" माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली तीन वर्षं होती, यात शंका नाही.

मग १४यू आली. अंतर ४३ फूट झालं, टीम बदलली, 'नॅशनल' हा शब्द नावात आला. लिटल लीग बेसबॉलमध्ये मुलांचे पिच मोजतात, अमुक इतके झाले की बसवतात. आमच्या स्पर्धांत तसली मोजदाद नव्हती. खालून टाकलेला चेंडू 'नैसर्गिक' असतो, त्याने हात दुखत नाही, हे ऐकत आलो होतो आणि विश्वासही ठेवला. एका रविवारी तिने चार मॅच टाकल्या. कोचने विचारलं, "यू गुड?" ती म्हणाली, "गुड." मी जाळीबाहेर उभा होतो. मीही काही बोललो नाही, कारण आम्ही जिंकत होतो.

खांदा आणि पाठ, दोन्ही. सहा महिने फिजिओथेरपी. बरी झाली, पण परत गेली नाही. पंधराव्या वर्षी म्हणाली, "मला शनिवारी झोपायचंय."

फ्रिस्कोकर, पैशांचं एक्सेल ठेवा बाजूला. कोचला एकच विचारा: एका दिवसात एका पोरीला जास्तीत जास्त किती टाकू देता? आकडा सांगता आला नाही तर निघून या.

जळगावकर

भारतातून लिहितोय. आमच्या खान्देशात सॉफ्टबॉल बरंच चालतं. नव्वदच्या दशकात मी राज्य शालेय स्पर्धा खेळलो. जाताना जनरल डबा, झोपायला एका शाळेचे बाक, जेवायला वरणभात, अख्ख्या संघात दोन बॅटी. खर्च घरच्यांना कळलाही नाही.

पण आम्ही फार निर्मळ मनाने खेळलो असं समजू नका. सगळ्यांचा डोळा सर्टिफिकेटवर. त्यावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीची आशा (आज तिथे खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे). अर्धी टीम त्यासाठीच घाम गाळायची आणि एक-दोघे लागलेही. तुमची स्कॉलरशिप ती आमचं सर्टिफिकेट. फरक इतकाच की आमचा जुगार फुकट होता.

ऑस्टिनवाली

एडिसनच्या काकांना विनंती, पिचर नायजारी कनाडीला विसरू नका. स्टॅनफर्डहून टेक्सास टेकला गेली, २०२४ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर करार. बायकांच्या खेळात पैसा येतोय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत आहे, सामने ओक्लाहोमा सिटीत. आपण नेमकं दार उघडताना मागे फिरायचं का?

एडिसनचा काका

लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानावर लावतात, म्हणून आपण तिकीट घ्यायचं? कनाडी एकच आहे, ताई. (ती पिच टाकताना मीही टीव्हीसमोरून हलत नाही, ते वेगळं.)

फ्रिस्कोकर

सगळ्यांचे आभार. परवा कोचला फोन केला. बादलीवरच्या बाबांचा प्रश्न विचारला. उत्तर आलं, "वी गो बाय फील." पुढे विचारलं, पिचर म्हणून घेताय ना? म्हणाले, दोन पिचर आधीच आहेत, एक त्यांचीच मुलगी. ही बघू, आउटफील्डला.

लेकीला तसंच्या तसं सांगितलं. ती वाटी चमच्याने ढवळत राहिली आणि म्हणाली, "मग पिचिंगचा क्लास कशाला लावताय?" एक्सेलमध्ये ही ओळ मला दिसलीच नव्हती.

त्या टीमला 'नाही' असं कळवलं. बायको दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलतेय. पण क्लास लावतोय, रेक लीगमध्येच टाकू दे वर्षभर. पुढच्या ऑगस्टला पुन्हा ट्रायआउट असतात, तेव्हा हाच वाद पुन्हा होणार, हे मला माहीत आहे. बादली आणलीय. नडगीचे पॅड कोणते घ्यावेत?

बादलीवरचा_बाप

कॅचरचेच घ्या, स्वस्तातले नकोत. आणि चारशेची बॅट घेऊ नका. आमच्याकडे गॅरेजमध्ये १२यू ची पडून आहे, ३१ इंच. लेकीला विचारलं, देऊ का? आधी नाही म्हणाली. मग जेवताना म्हणाली, दे, पण जांभळी ग्रिप बदलू नका म्हणावं.

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.