सप्रेसर लावला की पुंगळी जेमतेम बाहेर पडते (९ मिमी पिस्तूल) – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. टेक्सासमधून लिहितोय. अमेरिकेतले चारदोन नेमबाज इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, पुण्याकडचे २५ मीटर पिस्तूलवालेही आहेत, म्हणून मराठीतच विचारतो.

कायद्याचं आधीच सांगतो, म्हणजे धागा तिकडे वळणार नाही. मी इथला नागरिक आहे. सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) रीतसर फॉर्म ४ हा सरकारी अर्ज भरून, तेव्हाचा २०० डॉलर कर देऊन घेतलेला आहे. (१९३४ पासूनचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरपुरता शून्य झालाय, पण अर्ज आणि मंजुरी लागतेच.) एच-वन-बीवर असलेल्यांनी मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीच्या दुकानाची पायरीही चढू नये. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला काही अपवाद सोडले तर मनाईच आहे.

सप्रेसर घेतला तो कानासाठी. डाव्या कानात कायम बारीक शिट्टी वाजत असते आणि आहे ते ऐकू येणं मला जपायचंय. सप्रेसर असला तरी कानावर मफ असतातच.

आता अडचण. पिस्तूल नेहमीचंच, म्हणजे गोळी सुटल्यावर नळी मागच्या बाजूने खाली झुकते तसलं. सप्रेसर न लावता पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी कवचं) उजवीकडे मागे सहासात फुटांवर, एका घमेल्यात मावतील इतक्या जवळजवळ पडतात. सप्रेसर लावला की त्या पायाशीच पडतात. काही तर मनगटावर आपटतात, बाही वर असेल तर चटका बसतो. गेल्या रविवारी ५० गोळ्यांत चार वेळा पुंगळी स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) उभी अडकली, धुराड्यासारखी तोंड वर करून. पाच मॅगझिनपैकी तिनांत शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबायला हवी ती थांबलीच नाही.

आणि मला चक्रावणारी गोष्ट ही, की हाच सप्रेसर मी ९ मिमी कार्बाइनवरही (आखूड रायफल) लावतो आणि तिथे नेमकं उलटं होतं. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडतात, धूर डोळ्यांत येतो. एकच सप्रेसर एका बंदुकीला जोर देतो आणि दुसरीचा जोर काढून घेतो, हे कसं?

आतापर्यंत केलेलं: पिस्तूल साफ केलं, तेल दिलं. मॅगझिनांवर नंबर घालून पाहिलं, दोष एकाच मॅगझिनमध्ये नाही. एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी मागे ओढणारा भाग) नखी दाताच्या ब्रशने घासली. माझा संशय काडतुसांवर आहे. सप्रेसरसोबत १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सबसॉनिक काडतुसं वापरतो, म्हणजे सेकंदाला साधारण १००० फूट, ध्वनीच्या (सुमारे ११२५ फूट) खाली. हळू काडतूस म्हणजे जोर कमी, म्हणून स्लाइड पुरती मागे जात नसावी. स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग हलकी मागवू का?

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया)

स्प्रिंग मागवू नका. आधी हिशोब करा. ग्रेन गुणिले वेग भागिले हजार, स्पर्धेत पॉवर फॅक्टर काढतात तसा. तुमचं १४७ ग्रेन १००० फुटांनी म्हणजे १४७. साधं ११५ ग्रेन ११५० फुटांनी म्हणजे १३२. हळू असलं तरी जड गोळीचा धक्का मोठा आहे, स्लाइडला मागे ढकलायला तो पुरतो. काडतूस कमजोर असतं तर सप्रेसर काढल्यावरही त्याच पुंगळ्या पायाशी पडल्या असत्या. त्याच डब्यातली २० काडतुसं सप्रेसर काढून मारून बघितली का?

कार्बाइनचं कोडं सोपं आहे. तिची नळी जागची हलत नाही, बोल्ट (स्लाइडच्या जागी असलेला भाग) नुसता धक्क्याने मागे जातो. सप्रेसर वायू अडवून धरतो, नळीतला दाब जरा जास्त वेळ टिकतो, बोल्ट जोरात मागे येतो. पिस्तुलात नळीच हलते. ती आधी स्लाइडबरोबर काही मिलिमीटर मागे सरकते, मग शेपटाकडून खाली झुकते, तेव्हा कुठे स्लाइड मोकळी होते. तिच्या तोंडाला पाव किलोच्या वर वजन टांगलं की ती हे सगळं जडपणे करते.

त्यासाठीच पिस्तुलाच्या सप्रेसरमध्ये बूस्टर असतो. पिस्टन नळीवर आट्यांनी घट्ट, सप्रेसर त्या पिस्टनवर स्प्रिंगने तोललेला. गोळी सुटली की वायू सप्रेसरला पुढे रेटतो, स्प्रिंग दबते, आणि तेवढ्या क्षणापुरतं नळीला सप्रेसरचं ओझं जाणवत नाही. हा पिस्टन मोकळा सरकला नाही तर सप्रेसर नळीला वेल्ड केल्यासारखाच. कार्बाइनसाठी तुम्ही स्प्रिंग काढून स्पेसर (पिस्टन जागीच धरून ठेवणारं कडं) घालत असाल. तो आत राहिला नाही ना?

प्रतिसाद (पुणे)

दादा, सप्रेसरचा मला अनुभव नाही, मी .२२ (लहान काडतुसाचं पिस्तूल) वाली. पण पुंगळीकडे बघा, ती बरंच सांगते. तोंडाशी एकाच बाजूला काळं आहे का, कडेला ठेच आहे का, रिमवर (पुंगळीच्या बुडाची कड) नखीची खूण नेहमीच्या जागी आहे का, असं त्याच काडतुसाच्या दोन पुंगळ्या, एक सप्रेसर लावून आणि एक न लावता मारलेली, शेजारी ठेवून बघायचं. नखीची खूण दोन्हींवर सारखी असेल तर एक्स्ट्रॅक्टर त्याचं काम करतोय, कमी पडतोय तो स्लाइडचा वेग.

आणि एक. गोळीचा आवाज नेहमीपेक्षा मवाळ आला आणि पुंगळीही ढिली पडली, तर तिथेच थांबायचं. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार बघायचं. शिसं नळीत अडकलेलं असताना मागून दुसरी गोळी गेली तर नळी फाटते. सप्रेसरमुळे आवाजातला फरक कानाला कळणं आणखी कठीण, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सप्रेसर काढून त्याच डब्यातली २० काडतुसं मारली. सगळ्या सहा फुटांच्या पुढे गेल्या, स्लाइड दर वेळी थांबली. म्हणजे काडतुसावरचा माझा संशय चुकीचा. ताई, दोन्ही पुंगळ्यांवर नखीची खूण सारखी आहे. सप्रेसरवाल्या पुंगळीच्या तोंडाशी मात्र स्लाइडच्या कडेने पाडलेली अर्धचंद्रासारखी ठेच आहे.

स्पेसर आत नव्हता, स्प्रिंगच होती. मग पिस्तूल रिकामं करून सप्रेसर काढला आणि पिस्टन हाताने ओढला. दोनतीन मिलिमीटर आला आणि अडकला. सोडला तर तिथेच राहिला, परत गेला नाही. बूस्टरची टोपी पकडीत धरून उघडावी लागली. पिस्टनच्या मानेवर काजळीचं कवच, नखाने खरवडलं तर शिशाच्या पेन्सिलीसारखी चमक. स्प्रिंग कोरडी ठणठणीत.

हे कुठून आलं ते आता कळतंय. उन्हाळाभर सप्रेसर कार्बाइनवर होता, सहाएकशे गोळ्या झाल्या. स्पेसर असताना पिस्टन हलतच नाही, त्यामुळे काजळी तिथेच बसून कडक होत गेली. पिस्तुलावर परत चढवताना मी स्पेसर काढून स्प्रिंग घातली, पण पिस्टनकडे पाहिलंच नाही.

प्रतिसाद (पेनसिल्व्हेनिया)

मग तोच आजार. पिस्टन आणि स्प्रिंग कार्बन सॉल्व्हंटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, धातूचं काही लावू नका. नंतर ग्रीसचा पातळ हात द्या, तेल नको, उष्णतेने ते लगेच उडून जातं. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण करून त्यात सप्रेसर बुडवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. त्यात शिसं विरघळून विषारी क्षार तयार होतो, तो कातडीतूनही अंगात जातो, आणि ॲल्युमिनियमचे भाग खराब होतात ते वेगळंच. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका.

हलकी स्प्रिंग का नको तेही सांगतो. सप्रेसर काढून तेच पिस्तूल वापराल तेव्हा स्लाइड फ्रेमवर जोरात आपटत राहील. आजार बूस्टरचा आणि औषध पिस्तुलाला, असं होईल.

धागाकर्ता

आज सकाळी रेंजवर गेलो होतो. पिस्टन आता हाताने ओढला की पुरता बाहेर येतो आणि टक् करून परत जातो. १०० गोळ्या मारल्या, तीच १४७ ग्रेन. पुंगळ्या पाच ते सहा फुटांवर, एकही अडकली नाही, दहाही मॅगझिनांना स्लाइड थांबली.

बायकोने ३० मारल्या, तिच्या हातात दोन अडकल्या. तिची मनगटं गोळीबरोबर मागे वळत होती. पुढे वजन असल्यामुळे पाचसहा गोळ्यांनंतर हात खाली यायला लागतो आणि ती मूठ सैल करते. पाचपाच गोळ्यांवर थांबून हात खाली घ्यायला सांगितल्यावर पुढच्या २० नीट गेल्या. ताई, .२२ मध्ये नवीन मुलींच्या मनगटासाठी तुम्ही कुठला व्यायाम देता? तिला विचारायचं आहे, आणि तेवढं मला इथे कोणी शिकवणारं नाही.

प्रतिसाद (पुणे)

रिकामं पिस्तूल, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भिंत. हात लांब करून फक्त धरायचं, चाप नाही. २० सेकंद धरायचं, ४० सेकंद खाली, असं दहा वेळा. पहिला आठवडा सप्रेसर न लावता. दुसऱ्या आठवड्यात लावून.