इनीअसला माफ करता येतं का तुम्हाला?

दुपारवाचक
लेक हॉस्टेलला गेली आणि तिचं अभ्यासक्रमातलं 'इनीड' (व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्याचं इंग्रजी भाषांतर) माझ्या हाती लागलं. चौथ्या सर्गाशी अडकलेय. ट्रॉय जळाल्यावर भटकत आलेला इनीअस कार्थेजच्या राणीकडे, डायडोकडे राहतो. देवांचा राजा ज्युपिटर याचा 'इटलीला निघ' असा निरोप घेऊन देवदूत मर्क्युरी येतो तेव्हा हे महाशय तिनंच विणलेला, सोन्याच्या तारांचा जांभळा झगा मिरवत तिच्याच शहराची बांधकामं बघतायत! निरोप मिळाल्यावर करतो काय, तर सोबत्यांना सांगतो, जहाजं गुपचूप तयार ठेवा. तिला म्हणे योग्य वेळ बघून सांगणार. ती वेळ यायच्या आत तिला सगळं कळतंच.

जाणं मी समजू शकते. चोरून जाणं नाही. तुम्ही कसं वाचता हे?
(राम-सीता आणि दुष्यंत-शकुंतला कृपया नकोत. तो धागा आपण दरवर्षी काढतो.)

कोपरखळी
अहो, देवाचा हुकूम आहे. शिवाय मुलगा अस्कानिअस, त्याच्या वाट्याचं इटलीतलं राज्य. आणि लग्नाचं वचन दिलंच नव्हतं, असं तो स्वतः म्हणतो. वादळात गुहेत जे झालं त्याला डायडो लग्न म्हणते, कवी नाही म्हणत.

दुपारवाचक
कोपरखळी, वकीलपत्र घेतलंत की काय त्याचं? नेमका हाच मुद्दा तो तिच्या तोंडावर मांडतो, म्हणून तर डोकं फिरलं.

हेक्सामीटर
ताई, राग बरोबर आहे, पण एक ओळ मुळातून बघा. जर्मनीत असताना दोन वर्षं लॅटिन शिकलो, त्यातलं एवढंच पक्कं डोक्यात राहिलंय. त्याच्या उत्तराचा शेवट : 'इटालिआम नोन स्पोन्ते सेक्वोर'. इटलीला मी आपखुशीनं चाललेलो नाही. ओळ इथेच संपते, वृत्ताच्या जेमतेम निम्म्यावर. व्हर्जिल इ.स.पू. 19 मध्ये गेला तेव्हा काव्यावरून शेवटचा हात फिरायचा राहिला होता. अशा अर्धवट ओळी पन्नासेक तरी आहेत. ही तो पुढे भरणार असेलही. मला ती भरलेली नकोय. वकिली संपली आणि पुढे बोलायला त्याच्याकडे शब्द नाही, असंच ऐकू येतं मला.

यावर डायडो त्याला झाडते आणि कोसळते, दासी तिला उचलून नेतात. लगेच कवी त्याला 'पिउस' म्हणतो. बापाला खांद्यावर घेऊन जळत्या ट्रॉयमधून निघालेल्याचं हे विशेषण. देवांचं, वाडवडलांचं देणं मानणारा. नेमकं तिथे! शाबासकी की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथ्यावर थांबू नका. सहावा वाचा, पाताळातला.

दुपारवाचक
काल दुपारी वाचला. आत्महत्या केलेली डायडो तिथे भेटते. आता रडतो तो, आणि तीच सफाई : राणी, तुझा किनारा मी मनाविरुद्ध सोडला. ती दूर होऊ लागते. तेव्हा हा विचारतो, 'कोणापासून पळतेस?'

मी मागची पानं उलटली. चौथ्या सर्गात तिनं विचारलं होतं, 'माझ्यापासून पळतोस?'

तिला तेव्हा निदान उत्तर तरी मिळालं होतं. आता ती नजर जमिनीवरून उचलत नाही, चकमकीच्या दगडासारखी उभी राहते, आणि एक शब्द न बोलता आपल्या पहिल्या नवऱ्याकडे, सिकेअसकडे, झाडांच्या सावलीत निघून जाते. माफ नाही केलं मी. पण पुस्तक लेकीला परत पाठवणार नाहीये इतक्यात.

कोपरखळी
वकीलपत्र मागे घेतो.